नंदीच्या शिंगांमधून

गाडी थेट शिखरापर्यंत जात असतानाही सुजाताबाई खालच्या वळणावर उतरल्या आणि दार लावून मोकळ्या झाल्या.

"इथून वर पायवाट आहे. मी चालत येते."

नवऱ्यानं, दिलीपरावांनी, काच खाली केली. "अगं, मग सरकारनं रस्ता कशाला केलाय? कोठीतल्या हाडांच्या डॉक्टरांनी गुडघ्यांबद्दल काय सांगितलं, विसरलीस?"

"त्यांनी माझे गुडघे फोटोत बघितलेत. वापरते मी."

त्यांची मुलगी शर्वरी मागच्या सीटवरून निमूट उतरली. आईचा हा आवाज तिच्या ओळखीचा होता. यापुढे बोलणं म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी. गाडी एकट्या दिलीपरावांना घेऊन वर गेली.

पायवाट सोपी नव्हती. दगड सुटे होते आणि चढ छातीवर येणारा. काचीगुड्याच्या घरात जन्मभर सगळ्यांच्या वेळा सांभाळणाऱ्या या बाईनं डोंगर पाहिले ते आगगाडीच्या खिडकीतून. पहिल्याच चढाला धाप लागली.

"आई, बाबांना फोन करू? ते येतील खाली, नो प्रॉब्लेम."

सुजाताबाईंनी मानेनंच नाही म्हटलं. पदर खोचला, एका झाडाचं मूळ धरलं आणि पुढचं पाऊल टाकलं. मग त्याच्या पुढचं. मध्ये एकदा बसल्या, घोटभर पाणी प्यायल्या आणि उठल्या. शेवटच्या टप्प्यावर तर शर्वरीच मागे पडली. वर आल्यावर त्या वळून उभ्या राहिल्या. आलेल्या वाटेच्या पलीकडे डोंगरच डोंगर होते, एकामागे एक, दूरचे निळे पडलेले. त्यांना इतका आनंद झाला की त्याची थोडी लाजच वाटली.

दिलीपराव तिळाची पुडी घेऊन नंदीपुढच्या रांगेत उभे होते. इथली रीत अशी, की नंदीवर तीळ वाहायचे आणि त्याच्या शिंगांमधून दूरवर खाली श्रीशैलच्या देवळाचा कळस पाहायचा. कळस दिसला की माणूस सुटला, त्याला पुन्हा जन्म नाही. दोघांनी मिळून हे दर्शन घ्यायचं असं दिलीपरावांनी निवृत्त झाल्यापासून मनात धरलं होतं. आता त्यांचा नंबर आला होता.

"आलीस? ये, आधी तू बघ."

"मी नाही बघणार."

"म्हणजे?"

"मला सुटायचं नाही. मला परत यायचंय." भाजीवाल्याला आज कोथिंबीर नको म्हणावं, इतक्या साधेपणानं त्या बोलल्या. "मला चढता येतं हे मला आज कळलं. केवढे डोंगर राहिलेत अजून. या जन्मात कितीसे होणार?"

"वेड्यासारखा हौलेपणा करू नकोस सुजाता. लोक कुठून कुठून येतात यासाठी."

"येऊ देत की. तुम्हाला मी कुठं अडवलंय? तुमची इच्छा आहे ना, तुम्ही सुटा."

आणि त्या नंदीकडे पाठ करून पुन्हा डोंगर बघत उभ्या राहिल्या.

दिलीपराव त्यांच्याकडे पाहत राहिले. केस विस्कटलेले, साडीच्या काठाला कुसळं, मान घामानं भिजलेली. इतक्या वर्षांच्या संसारात ही बाई त्यांना अशी कधी दिसली नव्हती. ही परत येणार आणि तेव्हा आपण कुठंच नसणार, हे त्यांच्या ध्यानात आलं.

"चाचा, जल्दी देखो ना," मागून कुणीतरी म्हणालं. "पीछे लोगां खडे हैं."

ते पुढे झाले. नंदीवर तीळ वाहिले आणि वाकले. आभाळ निरभ्र होतं. खाली उन्हात देवळाचा कळस लख्ख चमकत होता. दिलीपराव बराच वेळ तसेच वाकून राहिले.

"दिसला का, बाबा?" शर्वरीनं बाजूनं वाकून विचारलं, आणि थबकली. दिलीपरावांनी डोळे गच्च मिटून घेतले होते.

"धुकं आहे," ते म्हणाले.