शाल मिळाल्याची पोच

शहराच्या शताब्दी सोहळ्यात दुर्गव्वाच्या खांद्यावर शाल पडली. उजाड माळावर पहिली पालं ठोकून हे शहर वसवणाऱ्यांत तिचे आजेसासरे होते. त्यांनी खणलेल्या विहिरीला लागूनच तिची पत्र्याची खोली होती.

"शंभर वर्षांनी बरी आठवण झाली!" ती पुटपुटली.

अधिकाऱ्याने हसत कागद पुढे केला. "आजी, शाल मिळाल्याची पोच. इथं अंगठा उठवा."

शालीला पोच कशाला? दुर्गव्वाने अंगठा मुठीत दाबला आणि कागद शेजारी उभ्या असलेल्या आपल्या सुनेला दिला. वाचता वाचता सून पांढरीफटक पडली. "आत्या, विहिरीपाशी होणाऱ्या स्मारकासाठी आपण राहती जागा खुशीनं सोडतोय, असं लिहिलंय," ती कुजबुजली.

दुर्गव्वाने मंचावरचा माईक उचलून सुनेच्या हातात दिला.

"हळू नको. सगळ्या शहराला ऐकू जाऊ दे."