दुसऱ्याचं मूल

"‘दुसऱ्याचं मूल कडेवर घ्यावं तशी हा माणूस गिटार धरतो,’" लेव्हीनं हातातल्या फोनवर बघून मोठ्यानं वाचलं. "‘रडायला लागलं की परत देऊन टाकायच्या तयारीत.’"

वर्नेल रंगमंचाच्या कडेला बसून माशाचं पुडकं सोडत होती. शुक्रवार होता. मिल्वॉकी शहरात शुक्रवारी तळलेला मासा खायचाच, मग पोराचा कार्यक्रम असो नाहीतर आणखी काही. पुडक्याचा चंदेरी कागद तिच्या हातात तसाच राहिला.

"पुन्हा वाच," ती म्हणाली.

"कशाला, मिस वर्नेल? एकदा पुरे नाही झालं?"

"वाच म्हटलं ना."

लेव्हीनं पुन्हा वाचलं. वर्नेलचा मुलगा क्विन्टन माइकपाशी उभा होता, गळ्यात गिटार. सगळं शहर त्याला रॅपर म्हणून ओळखत होतं. यंदा त्यानं रॅप बाजूला ठेवलं आणि गिटार घेऊन पॉप-पंकची गाणी केली. त्याबद्दल शहरातल्या मोठ्या वर्तमानपत्राच्या समीक्षकानं आज सकाळी त्याला हे बक्षीस दिलं होतं. ऐकून झाल्यावर त्यानं गिटारचा पट्टा गळ्यातून काढला, ती उघड्या पेटीत ठेवली आणि सगळ्यांकडे पाठ करून उभा राहिला.

"शाब्बास," लेव्ही म्हणाला. क्विन्टनचे सगळे कार्यक्रम तोच ठरवायचा. "आज रात्री जुनी गाणी म्हण. हॉलचा मालक सकाळपासून माझ्या मागे लागलाय. लोकांना तू हवायस रे, हे तुणतुणं नकोय. सगळेच समीक्षक तेच म्हणतायत बघ. ‘यानं आपला खरा आवाज सोडला.’"

वर्नेलच्या मस्तकात तिडीक गेली.

"खरा आवाज? रॅप करत होता तेव्हा याच पेपरानं काय लिहिलं होतं? चाल नाही, सूर नाही, नुसती शिवराळ बडबड! मी वाचलंय ते, शब्दन्‌शब्द वाचलंय. आता ती बडबड खरा आवाज झाली होय? आणि पोरानं सूर लावला, तर म्हणे सूर दुसऱ्याचा! मग याचं स्वतःचं आहे तरी काय? तेवढं छापा म्हणावं एकदाचं, म्हणजे आम्ही गप्प बसतो."

"मी कुठं लिहिलंय, मिस वर्नेल?"

"वाचलंस तर तू. आणि चांगलं चवीनं वाचलंस."

मागे ड्रमवर बसलेली गोरी पोरगी फिस्सकन हसली.

"आणि दुसऱ्याचं म्हणजे कुणाचं रे?" वर्नेलनं लेव्हीला विचारलं.

लेव्हीनं मान खाजवली. "अहो, ते गोऱ्या पोरांचं संगीत. गॅरेजमध्ये बसून वाजवतात ते. सगळ्या जगाला माहीत आहे."

"हे असलं संगीत आधी आपल्या काळ्या लोकांनीच वाजवलं. पोर कमावतं झालं की ते कुणाच्या मांडीवर वाढलं, हे बरं विसरतं सगळं जग."

ड्रमवाली हसायची थांबली. तिनं काठ्या मांडीवर आडव्या ठेवल्या.

वर्नेलनं तेलकट हात रुमालाला पुसले आणि गुडघ्यावर जोर देत उठली. "लेव्ही, मी जन्मभर काय केलं?"

"पाळणाघर चालवलंत."

"कुणाची पोरं सांभाळली?"

"लोकांची."

"तुझी आई कारखान्यात जाताना तुला माझ्या अंगावर टाकून जायची. सगळ्या पाळणाघरात तुझ्यासारखं रडकं पोर नव्हतं. नाक गळतंय, मुठीत माझे केस, आणि भोंगा चालू. तू रडायला लागलास की मी काय करायचे? परत द्यायचे? कुणाला देऊ? तुझी आई मशीनवर उभी. मी आणखी घट्ट धरायचे तुला. तू लाथा झाडायचास, चावायचास. धरूनच ठेवायचे. आणि संध्याकाळी आई न्यायला आली की तूच तिच्याकडे जायला तयार नसायचास. विचार घरी जाऊन."

"मिस वर्नेल, पोरांसमोर कशाला..."

"परत द्यायच्या तयारीत म्हणे! त्या शहाण्यानं एक दिवस तरी घेतलंय का दुसऱ्याचं मूल कडेवर? घेतलं असतं तर असलं लिहायला हात धजावला नसता त्याचा."

लेव्हीनं फोन खिशात घातला. बसला, पुडक्यातला एक तुकडा उचलला.

"गार झालाय," तो पुटपुटला.

"खा तसाच."

क्विन्टन अजून पाठमोराच होता. वर्नेलच्या ओठांवर आलं होतं, उचल बाबा ती गिटार. पण तिनं तोंड मिटून घेतलं. ते तिनं सांगून व्हायचं नव्हतं.

लेव्हीनं दुसरा तुकडा उचलला. मग क्विन्टन वाकला. पेटीतून त्यानं गिटार उचलली. वायर अजून जोडलेलीच होती. तो गिटारच्या स्पीकरच्या अगदी तोंडाशी उभा होता, आणि उचलताक्षणी गिटारनं अशी किंकाळी फोडली की लेव्हीच्या हातातला मासा खाली पडला. ड्रमवालीनं कान झाकले.

"खाली ठेव ती!" हॉलच्या मागून आवाजाच्या यंत्रावरचा माणूस ओरडला. "अरे, आधी खाली ठेव!"

क्विन्टननं ठेवली नाही. पट्टा खांद्यावर घेतला, गिटार पोटाशी ओढली आणि तारांवर सबंध तळवा पसरून ठेवला. किंकाळीचं हुंदक्यासारखं काहीतरी झालं. थांबलं मात्र नाही. तोही हलला नाही तिथून. वर्नेल त्याच्या पायांकडे बघत होती. एका पायावरून दुसऱ्या पायावर, हळूहळू, तो झुलत होता.