निवडणं-टिपणं

"खूप टेन्शन आलंय, आई," म्हणत ऋजुता घरभर फिरत होती. तिच्या मानेवरच्या गाठीचा रिपोर्ट संध्याकाळी येणार होता.

शैलजाला आपली आत्या आठवली. आत्याला टेन्शन हा शब्द ठाऊक नव्हता. "जिवाला घोर लागलाय ना? मग निवडायला बस," म्हणून ती सुपात तांदूळ घालून पुढ्यात ठेवायची. खडे वेचता वेचता माणूस बोलू लागायचं.

आता तांदूळ निवडूनच येतात. शैलजानं मुद्दाम मूग आणि मसूर एका ताटात ओतले.

"अगं, हे कसे मिसळले?"

"मिसळले खरे. दे निवडून."

"धांदरटच आहेस," म्हणत ऋजुता बसली. बराच वेळ नुसती बोटं चालत होती. मग मान वर न करता ती म्हणाली, "आई, मला भीती वाटतेय गं."

"मलाही," शैलजा म्हणाली आणि तिच्याजवळ सरकून मसूर वेचू लागली.