खडूची गाडी

"बघा! साधा ग्लास ठेवायला जागा नाही तुमच्या त्या छोट्या गाडीत!" फुटलेल्या काचा गोळा करत बायको म्हणाली.

गाडी अजून घेतलेली नव्हती. ती हॉलच्या फरशीवर खडूने आखलेली होती. बायको शिवणकाम करणारी. मापाशिवाय तिचा कशावर विश्वास बसत नसे. नवरा बसड्रायव्हर म्हणून निवृत्त झाला, मोटरहोम, म्हणजे चाकांवरचं घरच, घेऊन दोघांनी मनसोक्त भटकायचं ठरलं, आणि तिने शोरूममधल्या छोटी आणि मोठी अशा दोन्ही गाड्या टेपने मापून घरी आखल्या. मोठीचं मागचं टोक थेट स्वयंपाकघरात गेलं.

काही दिवस दोघं त्या रेघांच्या आत राहून बघत होते. मोठीत खिडकीशी तिचं शिलाई मशीन मावत होतं. छोटीत नवरा पोटासकट वळला की तिला अंग चोरावं लागे. आणि आज तर त्याच्या डाव्या कोपराने ओटा म्हणून मांडलेल्या टेबलावरचा ग्लासच उडवला.

"तरी छोटीच घेऊ," तो म्हणाला. "लावायला सोपी पडेल."

"अहो, डेपोच्या फाटकातून बोटभर जागा ठेवून बस काढायचात तुम्ही! आता पार्किंगची धास्ती?"

"छोटीच," तो पुन्हा म्हणाला. तिला राग आला, मशीनसाठी जीव हळहळलाही. पण या माणसाने संसारात कधी कशाचा हट्ट धरला नव्हता. तिने ओलं फडकं घेतलं आणि मोठी गाडी स्वतःच पुसून टाकली.

शोरूमच्या आवारात छोटी गाडी चालवून बघायला काढली. बायको सवयीने ड्रायव्हरशेजारच्या दाराकडे गेली, तर तिथे हा आधीच पट्टा लावून, मांडीवर हात ठेवून बसलेला, शहाण्या बाळासारखा.

"ड्रायव्हरसाहेब, स्टिअरिंग तिकडे आहे," ती हसली.

"माहीत आहे." त्याने किल्ली तिच्या हातात ठेवली. "आपली कार चालवतेस, तशी हीसुद्धा चालवशील. मी शेजारी बसून सांगत जाईन. मोठी तुला जड गेली असती."

"मी? आणि तुम्ही का नाही?"

तो समोरच्या काचेकडे बघत हळूच म्हणाला, "ओट्यावर जागा भरपूर होती गं. तो ग्लास मला दिसलाच नव्हता."