खार्टूमचा ठिपका

खार्टूमचा ठिपका विझला तेव्हा सफुराचे हात पिठात होते. मोबाइल तिनं समोरच्या डाळीच्या बरणीला टेकवून ठेवला होता. भाकरी थापता थापता नकाशाकडे बघायची तिला सवयच लागली होती. अख्ख्या सुदानात तो एकच हिरवा ठिपका होता, आणि आता तोही नव्हता. डोक्यावरचा पंखा मघाशीच थांबला होता, पण त्याचं तिला काही वाटलं नाही. मंगळवार होता. त्यांच्या चौक गावात मंगळवारी दुरुस्तीसाठी लाईट जातेच.

तो ठिपका म्हणजे तिचा थोरला मुलगा अदनान. खार्टूमला मोबाइल टॉवरच्या कामावर होता. मागच्या सुट्टीत त्यानं तळहाताएवढे दोन डबे आणले. एक घरातल्या कपाटावर ठेवला, दुसरा सोबत नेला. "ह्यो बिटकॉइनचा डबा, अम्मी. जगातल्या सगळ्या व्यवहारांची नक्कल हरेक डब्यात असते. एखाद्या सरकारनं एक फोडला तरी बाकीचे हायेत," असं त्यानं समजावलं होतं. चालू असलेला डबा नकाशावर ठिपका होऊन दिसायचा. सफुराला बिटकॉइन काही कळलं नाही, नकाशा मात्र तिनं पाठ केला. जर्मनीत, अमेरिकेत ठिपक्यांची ही गर्दी, खळ्यावर पाखरं उतरावीत तशी. जिथं नेट धड आणि राजवट धड, तिथं हे डबे सुखानं नांदतात. जिथं बंदुका निघतात, तिथले ठिपके आधी जातात आणि बातम्या मागून येतात. शिळफाट्याच्या बाजारापलीकडे फारशी न गेलेली ही बाई शेजारणींना अमक्या देशात काहीतरी बिनसलंय म्हणून सांगायची, आणि तिचं खरंही निघायचं.

मग सुदानातच बिनसलं. लढाई पेटली, फोन बंद झाले, नेट गेलं. अदनानच्या गच्चीवर कंपनीची, उपग्रहावरून नेट देणारी डिश होती आणि सोलर होता, म्हणून त्याचा एकट्याचा ठिपका तेवढा टिकला. त्या डिशवर डबा तेवढा चाले, फोन लागत नसे. पोरगा बोलत नव्हता, पण होता. आणि साधारण पंधरवड्यापूर्वी एक दिवस तोही ठिपका गेला.

अकरा दिवस नकाशा कोरा राहिला. सफुराच्या नवऱ्यानं, झहीरनं, हायवेवरच्या बॅटरीच्या दुकानाचं शटर अकरा दिवस उघडलं नाही. वीस वर्षं हा माणूस गावभर इन्व्हर्टर बसवत हिंडला, स्वतःच्या घरात मात्र एक बसवला नाही, असला वल्ली. तो भिंतीकडे तोंड करून पडून राहिला. पाणीसुद्धा सांगून पाजावं लागे. हृदय आधीच दुबळं आहे, असंच चाललं तर माणूस हाती लागणार नाही, असं डॉक्टरांनी बजावलं. मग गेल्या गुरुवारी ठिपका परत आला. झहीर उठला, अंघोळ केली, दोन भाकऱ्या खाल्ल्या आणि दुकानात गेला. सफुरानं शुकराण्याची नमाज पढली.

आणि आज पुन्हा हे. सफुरा तशीच पिठाच्या हातांनी अल्लाची करुणा भाकत बसली. तासाभरानं लाईट आली. पंखा फिरू लागला. थोड्या वेळात खार्टूमचा ठिपकाही आला.

तिचा जीव भांड्यात पडला, पण घटकाभरच. तिनं पंख्याकडे पाहिलं, मग ठिपक्याकडे. मग कपाटाकडे. घरचा डबा बिघडून बंद पडलाय असं तिच्या मुलीनं, अल्मासनं, सांगितलं होतं. नकाशावरचा चौकचा ठिपका गेला होता. तोही गेल्या गुरुवारीच.

सफुरा स्टुलावर चढली. डब्यावरचं विणलेलं झाकण बाजूला करून तिनं हात ठेवला. डबा गरम होता.

अल्मास कुंभिवलीच्या एका गोदामात कॉम्प्युटरवर कामाला होती. सफुरानं तिला फोन लावला. "डबा गरम हाय गं," एवढंच म्हणाली.

पलीकडे गोदामाचं दार लोटल्याचा आवाज आला. मग अल्मास दबक्या आवाजात बोलत गेली. बुधवारी दादाच्या कंपनीचा फोन आला होता. त्याच्या इमारतीवर तोफगोळा पडला. आतलं कुणी वाचलं नाही, दफनही तिकडंच झालं. थोडे पैसे भरले की घरचा डबा दुसऱ्या देशात बसलाय असं नकाशाला दाखवता येतं. ते तिनं दुसऱ्या दिवशी केलं.

"अब्बा गेलं असतं गं, अम्मी," ती म्हणाली.

सफुरानं फोन खाली ठेवला. ती चुलीपुढे जमिनीवर बसली आणि पदर तोंडात कोंबून रडली. नऊ महिने पोटात वागवलेलं लेकरू गेलं होतं, आणि ती पाच दिवस भाकऱ्या थापत हसत होती. तव्यावरची भाकरी जळून कोळसा झाली. बाहेर झहीरची स्कूटर थांबली तशी ती उठली आणि तोंडावर पाणी मारलं.

झहीरनं चपला काढायच्या आधी रोजच्यासारखं विचारलं, "काय गं, पोरगा हाय ना?"

सफुरानं मोबाइल त्याच्यापुढे धरला. "हाय," ती म्हणाली.

तो निवांत जेवायला बसला. तिनं ताटात भाकरी वाढली, वर कालवण घातलं.

"घरात एक बॅटरी बसवा," ती म्हणाली. "मंगलवारी लाईट जाते."

झहीर हसला. "वीस वर्सांत कधी मागितली नाय. आता उकडाय लागलं व्हय?"

"हां," सफुरा म्हणाली. "आजच बसवा. लय वर्सं चालंल अशी."