लाल ओळी

सासूबाईंनीच तिला क्रोशा शिकवला होता. नवीन वर्षाच्या पहिल्या दिवशी तिने एक पांघरूण विणायला घेतलं, रोज एकच ओळ. नवऱ्याने हात उचलला की त्या दिवशी लाल लोकर, एरवी पांढरी. हे तिने कुणाला सांगितलं नव्हतं. नवरा तर पाहुण्यांसमोर ते मांडीवर पसरून म्हणायचा, "लाल पट्टे काय उठून दिसतात, नाही?" सासूबाई समोरच असायच्या. सुनेने मार खाल्ला तरी त्यांच्या तोंडून कधी अवाक्षर निघालं नाही.

आज सकाळी चहा गार झाला म्हणून त्याने तिचा उजवा हात चौकटीत दाबला आणि दार आपटलं. मनगट मोडलं, दोन बोटं चेचली.

संध्याकाळी पोलीस ठाण्यात अधिकारी बाईंनी तिला विचारलं, "याआधी कधी मारलं होतं? तारखा सांगता येतील?" तिने प्लास्टरमधला हात मांडीवर ओढून घेतला. शेजारी बसलेल्या सासूबाईंनी पिशवीतून पांघरूण काढून टेबलावर पसरलं.

"मॅडम, पहिली ओळ एक जानेवारीची, मग रोज एक. लाल तेवढ्या मोजा. आजची मी विणलीय."