उजवी नळी

सासऱ्यांनी जुन्या दुनळी बंदुकीच्या नळ्या दस्त्यापासून सुट्या केल्या, सुतळीला टांगल्या आणि पळीनं हलकेच ठोकल्या. घंटेसारखा नाद आला. माझ्या कडेवरची मुलगी खुदकन हसली.

“दोन नळ्यांमधला जोड कुठं सुटलेला नाही. खुशाल वापर,” ते माझ्या नवऱ्याला म्हणाले. मोतीबिंदू झाल्यापासून ते बंदूक कानानंच पारखायचे.

खाली शेतात रानडुकरं शिरली होती. हवेत एक बार काढला की पळाली असती. नवरा नळ्या परत बसवून, काडतुसं भरून निघाला. मी मात्र दारातच घुटमळत होते. काहीतरी राहिलं होतं, काय ते आठवेना. तेवढ्यात मुलीनं कुंपणाजवळच्या झेंडूकडं हात केला.

खंडेनवमीला बंदुकीची पूजा मीच केली होती. दोन्ही नळ्यांच्या तोंडांत झेंडू खोचले होते. नंतर काढताना उजवीतून नुसत्या पाकळ्या हातात आल्या होत्या.

“थांबा. आधी काडतुसं काढा, नळीतून उजेड दिसतो का बघा.”

“तोवर डुकरांना चहा देतेस का?” म्हणत त्यानं काडतुसं काढली आणि नळ्या आभाळाकडं धरल्या. डावीतून उजेड दिसला. उजवी अंधारी होती. नळी साफ करायचा गज घातल्यावर झेंडूचं वाळकं बोंड खाली पडलं.

“तुंबलेली नळी हातातच फुटते,” सासरे हळूच म्हणाले.

“मीच खोचलं होतं,” मी म्हणाले.

नवऱ्यानं बंदूक खुंटीला टांगली आणि मुलीला माझ्याकडून घेतलं. बराच वेळ तो तिला परत देईना. त्या दिवशी डुकरं पोटभर जेवून गेली.